गच्चीवरून ऐकलेली कव्वाली

नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला पहिले सहा महिने जो तो एकच प्रश्न विचारतो : आता वेळ कसा घालवता? मी यवतमाळात एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. २०२४ च्या मार्चअखेर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, हारतुरे आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बाहेर पडलो. बायको उर्दू शाळेत शिक्षिका होती. तिनंही त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्ती घेतली. आमच्या घरी नवरा-बायकोनं एकमेकांना नावानं हाक मारायची रीत नाही. ती मला 'अजी' म्हणते, मी तिला 'मास्तरीणबाई' म्हणतो. तर वेळ कसा घालवता, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे : उन्हाळ्यात आम्ही दोघं फुकटची गाणी ऐकत फिरतो. लोक हसतात. त्यांना वाटतं, शायर माणूस, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो. पण हे शब्दशः खरं आहे, आणि आज त्याबद्दलच सांगणार आहे. ही गाणी कुठली, ती आली कुठून, मैदानात बसून ती ऐकायची कशी, आणि 'फुकट' या शब्दाचा अर्थ काय.

आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. एप्रिल उजाडला की पारा चाळिशी ओलांडतो आणि मग बेचाळीस-चव्वेचाळीसवर मुक्काम ठोकतो. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण दिवस मावळला की याच गावाचा नूर बदलतो. यवतमाळ माळावर वसलेलं, थोडं उंचावरचं गाव. आठ वाजता वाऱ्याची एखादी झुळूक येते आणि माणसं घराबाहेर पडतात. गाण्याचे मुहूर्तही नेमके याच दिवसांत. ११ एप्रिलला जोतिराव फुल्यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची. आगेमागे रामनवमी, हनुमान जयंती, महावीर जयंती. मग वैशाखातली बुद्ध पौर्णिमा. शिवाय एखाद्या दर्ग्याचा उरूस चंद्राच्या हिशेबानं उन्हाळ्यात आला तर तो वेगळा. यवतमाळला पोस्टल मैदान आहे, त्याला आता समता मैदान म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावानं भरवलं आणि आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकरी महिलेच्या, वैशाली येडे यांच्या हातून त्याचं उद्घाटन झालं, ते मैदान हेच. एप्रिलमध्ये इथं समता पर्व भरतं. व्याख्यानं होतात, आणि गाणीही. तिकीट नाही, पास नाही, पहिल्या रांगेचा सोफा सोडला तर राखीव जागा नाही.

या मैदानावर मी तरुणपणापासून जातो. मित्रांबरोबर जायचो, उशिरा घरी यायचो, आणि दारातच सांगायला सुरुवात करायचो, आज अमक्यानं काय गिरह लावली म्हणून! मास्तरीणबाई झोपाळलेल्या डोळ्यांनी ऐकून घ्यायच्या. तिला कधी 'चल' म्हटलं नाही. म्हणायला हवं, हे डोक्यातही आलं नाही.

२०२४ साली असं झालं की रमजान ईद आली नेमकी ११ एप्रिलला, म्हणजे फुले जयंतीच्या दिवशी. आपलं हिजरी वर्ष चंद्राचं, त्यामुळे ते दर साली दहा-अकरा दिवसांनी मागं सरकतं. आधीची दोन-तीन वर्षं एप्रिलभर किंवा अर्धा एप्रिल रोजे होते. संध्याकाळी इफ्तार, मग तरावीह, कुठलं आलं गाणं! त्या वर्षी मात्र ईद झाली आणि तिसऱ्या दिवशी १४ तारीख. घरी शीरखुर्मा उरलेला, पाहुणे गेलेले, दोघंही रिकामटेकडे. मी सहज म्हणालो, मैदानात कव्वालीची पार्टी आहे, येतेस का?

ती म्हणाली, "कव्वाली मी खूप ऐकली आहे अजी. पाहिली नाही कधी."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिचं माहेर दारव्ह्याचं. घराजवळ एक लहानसा दर्गा होता, तिथं उरसाला रात्रभर कव्वाली चालायची. घरातले पुरुष जायचे. बाया आणि मुली गच्चीवर सतरंज्या टाकून पडायच्या आणि आवाज ऐकायच्या. कोण गातंय, बाजा कुणाचा, टाळ्या कोण वाजवतंय, काही दिसायचं नाही. कलाम मात्र सगळे पाठ. लग्न होऊन इथं आली तर इथंही तेच. फक्त गच्ची बदलली. म्हणजे पन्नासेक वर्षं या बाईनं कव्वाली ऐकली होती आणि कव्वालाचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि मी तिला रात्री-अपरात्री गिरहा समजावून सांगत होतो!

आता कव्वाली म्हणजे काय, हे थोडं सांगतो. 'कौल' म्हणजे वचन, बोल. ते गाणारा तो कव्वाल. अमीर खुसरोंचं (१२५३ ते १३२५) नाव या गाण्याशी जोडलं जातं. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांची खानकाह आणि चिश्ती सुफींचा संप्रदाय हे त्याचं घर. तिथून सुफी दख्खनेत आले, खुलदाबादला राहिले, आणि आपल्या मुलखात दर्ग्यादर्ग्यांतून हे गाणं रुजलं. आमच्या जिल्ह्यात आर्णीच्या बाबा कंबलपोषांच्या उरसाला कव्वाली ऐकायला जाणाऱ्यांत कोण हिंदू, कोण मुसलमान, कोण बौद्ध, हे मोजायला कुणी बसत नाही. रचना साधी असते. मध्ये मुख्य गायक, बाजूला जोडीदार, मागं कोरस. हार्मोनियम, ढोलक किंवा तबला, आणि तो तारांचा, टायपराइटरसारखी बटणं असलेला बुलबुलतरंग, ज्याला आपल्याकडं सगळे 'बेंजो' म्हणतात. ताल बहुधा केरवा नाहीतर दादरा. आणि टाळी. ही टाळी म्हणजे कौतुकाची टाळी नव्हे, ते वाद्यच आहे. सहा-आठ माणसांच्या दोन-दोन हातांचं.

दर्ग्यातलं हे गाणं बाबासाहेबांच्या जयंतीला कसं पोचलं, हा मोठा गमतीचा प्रवास आहे. आधी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलसे निघाले. त्याच वळणावर भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गण-गौळणीच्या जागी समाजाचं दुखणं आलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि नव्या धम्माच्या नव्या गाण्यांची गरज एकदम वाढली. जलशाला संच लागतो, पात्रं लागतात, तालमी लागतात. कव्वालीला एक सतरंजी पुरते. त्यातून तो जमाना असा की सिनेमानं कव्वाली घरोघर नेलेली. १९५८ च्या 'अल हिलाल' मधली इस्माईल आझाद यांची कव्वाली गल्लीबोळात वाजत होती. १९६० च्या 'बरसात की रात' नं तर कव्वालीचा सामनाच पडद्यावर आणला. भीमगीतांचे मोठे गायक प्रल्हाद शिंदे हे उमेदीच्या काळात याच इस्माईल आझाद यांच्या पार्टीत कोरसला होते. पुढं महाराष्ट्रभर भक्तिगीतं आणि भीमगीतं ज्या आवाजात गाजली, तो आवाज कव्वालीच्या टाळीत तयार झालेला. विठ्ठल उमप कोळीगीत गात, पोवाडा गात, आणि कव्वालीही तितक्याच ठसक्यात गात. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच ते गेले.

आणि शब्द? शब्दांचं घर म्हणजे वामनदादा कर्डक. १५ ऑगस्ट १९२२ ला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला हा माणूस मोठेपणी, मुंबईत, अक्षरं शिकला. कुणीतरी पत्र वाचायला दिलं आणि वाचता येईना, ती लाज त्यांना अक्षरापर्यंत घेऊन गेली. मग १९४३ पासून २००४ साली मृत्यू येईपर्यंत हजारो गाणी. मी बी.ए.ला मराठी घेतलं, चार कवितासंग्रह काढले, पण माझी एक ओळ चहाच्या टपरीवर कुणाला पाठ नाही. वामनदादांच्या गाण्यांची पाठांतरं मी निरक्षर मजुरांच्या तोंडून ऐकली आहेत. त्यात कव्वालीच्या घडणीचाही वाटा आहे, असं माझं मत आहे. मुखडा मुख्य गायक म्हणतो, कोरस तो उचलतो, पुन्हा गायक म्हणतो. तिसऱ्या खेपेला समोर बसलेल्याला तो आपोआप येतो. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या पाटीच दिली नाही, त्याच्यासाठी ही टाळी पाटीचं काम करत होती.

माझ्यासारख्या माणसाला इथं आणखी एक सुख आहे. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, हा प्रश्न मला आयुष्यभर सभ्य माणसांनी, चांगल्या हेतूनं विचारला. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हापासून त्याची उत्तरंही बरीच देऊन झाली. मैदानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथं उर्दूचा शेर मराठी अंतऱ्यात मिसळून जातो आणि दाद एकाच तोंडातून, 'वाह' आणि 'जय भीम' अशी, लागोपाठ येते.

विदर्भात पोस्टरवर छापलेलं असतं, 'कव्वालीचा दुय्यम सामना'. परगावच्या माणसाला वाटेल, दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा. तसं नाही. दुय्यम म्हणजे दोन पार्ट्यांचा. बहुतेक एक गायक, एक गायिका. मंचाच्या दोन टोकांना दोन बिऱ्हाडं मांडलेली. आधी वंदना होते, बुद्धाची, बाबासाहेबांची. मग रमाईचं एखादं गाणं, ज्यात बायांचे पदर डोळ्यांना जातात. मग सामना. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा, तोही त्याच चालीत, त्याच यमकात. इथं गिरह येते. गिरह म्हणजे गाठ. चालू ओळ अर्ध्यात थांबवायची, दुसराच एखादा शेर किंवा दोहा मध्ये गुंफायचा, आणि फिरून मूळ ओळीवर असं यायचं की ती ओळ आता वेगळीच वाटावी. चांगली गिरह पाठ करून येत नाही. समोर कोण बसलंय, कुणाची मान डुलते, कोण उठून चाललंय, हे पाहून ती सुचते. म्हणून मैदानातल्या कव्वालीत ऐकणारा निम्मा वाटेकरी असतो. तो उठून गेला की गाणं लंगडं होतं.

त्या १४ तारखेला मास्तरीणबाई पहिल्यांदा मंचासमोर बसल्या. गाणं सुरू झालं तरी ती गायकाकडं बघेना. कोरसच्या हातांकडं बघत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "टाळ्या दोन तऱ्हेच्या आहेत. मागचा मुलगा पालथ्या हातावर मारतो, म्हणून तो मधला आवाज बसका येतो. मला इतकी वर्षं वाटायचं, ते ढोलक आहे." मी तीसेक वर्षं मैदानात बसलो. मला हे दिसलं नव्हतं.

पूर्वी हे सामने फजरच्या अजानपर्यंत चालत. आता चालत नाहीत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवता येते, तेही सण-उत्सवासाठी. याचं दुःख मला आहे, खोटं कशाला बोलू? सामन्याला खरा रंग मध्यरात्रीनंतर चढायचा. दोन्ही पार्ट्यांचं पाठ केलेलं संपायचं आणि मग हजरजबाबीपणाची कसोटी लागायची. आता साडेसातला सुरुवात, भाषणं, सत्कार, शाली, आणि दहाला पोलीस दादा घड्याळ दाखवतात. माझं ऐकाल तर सत्कार कमी करा. पण हेही खरं की दहाचा नियम नसता तर आमच्यासारखी दोघं तिथं गेलीच नसती. मगरिबची नमाज पढून निघायचं, साडेदहाला घरी, औषधाच्या गोळ्या वेळेवर. मैदानाशेजारी कुणी आजारी पडलेलं असेल, कुणाची परीक्षा असेल, त्याचाही विचार हवाच.

रात्री मैदानातलं गाणं दोन-दोन किलोमीटरवर स्पष्ट ऐकू येतं आणि दिवसा शेजारच्या गल्लीतला भोंगाही नीट कळत नाही, याचं नवल मला लहानपणापासून होतं. त्याचं कारण सोपं आहे. दिवसा जमीन तापलेली, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची त्या मानानं थंड. आवाज थंड हवेकडं वाकतो, म्हणून तो वर निघून जातो. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते. लगतची हवा थंड होते, वरची ऊबदार राहते. मग तोच आवाज खाली वाकून जमिनीलगत लांबवर पसरतो. कोरड्या हवेच्या, निरभ्र आकाशाच्या आपल्या वैदर्भीय उन्हाळ्यात हे अधिकच होतं. दारव्ह्याच्या गच्चीवर एका मुलीला पूर्ण कव्वाल्या पाठ झाल्या, त्यात या थंड हवेचा हात होता!

आता बसायचं कुठं? आमच्या वयाच्या माणसांसाठी हे महत्त्वाचं. साठीच्या आसपास कान उतरू लागतो तो आधी वरच्या पट्टीत. तिथंच स, श, फ, त अशा व्यंजनांची धार असते. त्यामुळे सूर पोचतो, चाल पोचते, शब्द मात्र पुसट होतात. मास्तरीणबाईंच्या डाव्या कानाचं तसंच झालंय. अशा वेळी डोळे मदत करतात. गायकाचे ओठ दिसले की शब्द उमगतो. म्हणजे बघा, आयुष्यभर तिनं न बघता ऐकलं, आणि आता बघितल्याशिवाय तिला ऐकूच येत नाही. आम्ही पुढं, पण दोन्ही बाजूंच्या बॉक्सच्या मधोमध बसतो. बॉक्सच्या तोंडासमोर कधीच नाही. मोकळ्या मैदानात बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलनं उतरतो. कामगारांच्या कानांसाठी जो हिशेब धरतात तो असा : ८५ डेसिबलला रोज आठ तास चालतील, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. कार्यक्रमाहून आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर समजावं, आपली जागा चुकली.

हा हिशेब कव्वालीच्या पार्टीला फारसा लागत नाही. तो लागतो डीजेला. २०२५ साली आमच्या भागातल्या एका मंडळानं पार्टी बंद करून डीजे आणला. आम्ही गेलो होतो. छातीत ठोके बसू लागले, तिनं डाव्या कानावर हात ठेवला, आणि आम्ही दहा मिनिटांत परतलो. बसायला सतरंजीच नव्हती. डीजेसमोर कुणी बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या पोरांना विचारलं. ती वाईट पोरं नाहीत, रक्तदान करतात, वह्या वाटतात. एक जण म्हणाला, "काका, पार्टीले बसते कोण आता? चार म्हातारे. डीजे लावला का पोट्टे आपोआप जमा होतात." मी म्हणालो, चार म्हातारे कमी असतील तर आम्ही दोघं येतो, सहा होतील. तो हसला. पण त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. पार्टीला इसार द्यावा लागतो, बिदागी, गाडीभाडं, दहा-बारा माणसांचं जेवण. आणि गाणारी पोरंही आता मोबाइलवर गातात. तिकडंही चांगलं काही निपजतं. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारीवर गात फिरायच्या, त्यांचा आवाज मोबाइलमुळेच महाराष्ट्रभर पोचला. पण मोबाइलच्या गाण्यात गिरह लागत नाही. समोर कोण आहे ते गाणाऱ्याला दिसत नाही ना!

फुकट या शब्दाचंही सांगायचं राहिलं. आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. तो फोनवर सांगत होता की न्यूयॉर्कला त्यांचा मोठा फिलहार्मोनिक वाद्यवृंद उन्हाळ्यात बागांमधून फुकट वाजवतो, १९६५ साली त्यांनी हे सुरू केलं. म्हातारी जोडपी चादर आणि डबा घेऊन हिरवळीवर बसतात. मला ऐकून बरं वाटलं. तिकडं देणगीदार असतात. आपल्याकडं वर्गणी. घरोघर पावतीपुस्तक फिरतं, धुणंभांडी करणारी बाई पन्नास रुपये देते, रिक्षावाला शंभर देतो, मंडपवाला भाड्यात सूट देतो. त्यामुळे मैदानात बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की हा कार्यक्रम आपला आहे, आणि ते बरोबरच असतं.

पण आणखी एक किंमत आहे, ती मला बायकोमुळे कळली. दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाला माझ्या लक्षात आलं, ही संध्याकाळी पाच वाजल्यापासून पाणी पीत नाही. बेचाळीस अंशांत! विचारलं तर म्हणाली, तिथं बायकांनी जायचं कुठं? शेजारी बसलेल्या बायांना तिनं विचारलं, तर सगळ्यांचं तेच. कुणी चार वाजता शेवटचं पाणी प्यालेली, कुणी चहा टाळलेला. एक गरोदर पोर तर घरी जाऊन परत आली होती. मी इतकी वर्षं बायकांच्या बाजूला गर्दी आठच्या पुढं का पातळ होते, याचं कारण 'घरची कामं' असंच धरून चाललो होतो. मास्तरीणबाईंनी ते मंडळाच्या खजिनदाराला, शाळेत मुलांना बोलायच्या त्याच आवाजात सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी शेजारच्या शाळेची किल्ली मिळवली, एक दिवा लावला, आणि दाराशी एक वयस्क बाई बसवली. बस्स, एवढंच. त्या दिवशी मी मुद्दाम मागं वळून पाहत होतो. बायकांची बाजू शेवटपर्यंत भरलेली होती.

जाताना काय न्यावं, असं विचाराल तर आपली एक चटई, पाण्याची बाटली, टॉर्च, आणि ज्यांना खाली बसवत नाही त्यांनी घडीची खुर्ची. खुर्ची मात्र कडेला टाकावी, मागच्याची दृष्टी अडवू नये. दुपारी झोप काढावी. दाद मोकळेपणी द्यावी. नव्या माणसाला संकोच वाटतो, पण मान हलवली, हात उचलला तरी पुरतं. गाणारा शोधतच असतो.

बुद्ध पौर्णिमेच्या एका कार्यक्रमाला, शहराबाहेरच्या एका वस्तीत, आम्ही असेच मधोमध बसलो होतो. गायिका तरुण होती, आवाजाला धार होती. तिची नजर मास्तरीणबाईंवर गेली. गाणं आईवर चाललं होतं. तिनं ओळ अर्ध्यावर सोडली, एक उर्दू शेर उचलला, गच्चीवर जुना असलेला, आणि परत मराठी मुखड्यावर आली. बायको माझ्याकडं न बघता उठली. मी म्हणालो, कुठं? ती मंचाकडं चालली होती.

आता रीत अशी की दर्ग्यात नजराणा आधी तिथल्या बुजुर्गांच्या हाती देतात, ते तो कव्वालाला देतात. मैदानात सरळ मंचावर नोट द्यायची, आणि देणाऱ्याचं नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारलं जातं. पन्नासची नोट होती. हार्मोनियमवाल्यानं वाकून विचारलं, "काय नाव सांगू जी, भाभी?" आमच्याकडं अशा वेळी नवऱ्याचं नाव सांगतात, किंवा अमक्याची अम्मी म्हणतात. तिनं स्वतःचं नाव सांगितलं. माहेरच्या नावासकट, पूर्ण. त्यानं ते पुकारलं, टाळ्या झाल्या. निरभ्र रात्र होती, नाव लांबवर गेलं असणार.

ते नाव मात्र या लेखात घालायचं नाही, असं तिनं मला बजावलं आहे. मैदानात सांगितलं ते पुरे, म्हणाली.